साडूभाऊंचं सादळलेलं बिस्कीट

…आणि वर काय म्हणतात, तर कल्पना कुठूनही येते. कुठूनही म्हणजे कुठून हो? नळातून येते? खिडकीतून येते? ती काय मांजर आहे, दार किलकिलं दिसलं की आत शिरायला? तुम्हाला सांगतो, हे वाक्य ज्याने पहिल्यांदा उच्चारलं ना, त्याला आमच्या साडूभाऊंच्या पुढ्यात आणून बसवा, मधे बिस्किटांची एक बशी ठेवा, आणि मग तो माणूस पुन्हा तेच म्हणतो का ते मला येऊन सांगा.

साडूभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. बिस्किटाच्या कारखान्यात असतात. आता बिस्किटाच्या कारखान्यात म्हटलं की लोकांना वाटतं, वा, मजा आहे, रोज फुकट बिस्किटं. अहो कसली मजा? हा माणूस कारखान्याच्या मागच्या बाजूला एका खोलीत बसायचा, तिचं नावच मुळी 'नव्या मालाची खोली'. खोलीत एक छोटा ओव्हन, त्याचं दार एका बाजूने जरा ढिलं, ते गुडघ्याने दाबायचं. एक तराजू, पिठाच्या डागांनी पांढरं पडलेलं टेबल, आणि कोपऱ्यात एक दमट कपाट. त्या कपाटात बिस्किटं कोंडून ठेवायची आणि बघायचं, किती दिवसांत सादळतात. म्हणजे चांगल्या बिस्किटाला मुद्दाम घाम आणायचा आणि ते कधी हात टेकतं ते बघत बसायचं… याला म्हणे संशोधन.

आणि सादळणं हा साडूभाऊंचा जन्माचा वैरी. कारखान्यात त्यांना सगळे 'कानवाले' म्हणतात, कारण हा माणूस बिस्कीट आधी खात नाही, आधी ऐकतो. डाव्या कानाशी नेतात, मोडतात, कट्, डोळे मिटतात, आणि म्हणतात, "ओल आहे." झालं. अख्खा घाणा बाद. भट्टीवर जो मुख्य माणूस आहे, पोटाने भट्टीइतकाच, तो रडकुंडीला यायचा. "अहो कानवाले, मी चावून बघितलं, उत्तम आहे." तर हे म्हणणार, "तुम्ही चावलंत, मी ऐकलं. दातांवर विश्वास ठेवू नका." आता हे कारखान्यात ठीक आहे हो, पण हा माणूस लोकांच्या घरी गेला तरी तेच. समोर बशी आली की एक बिस्कीट उचलायचं, कानाशी न्यायचं, कट्, आणि मान हलवून बशीत परत ठेवायचं. यजमानीणबाईंचा चेहरा बघण्यासारखा व्हायचा. आमच्या मेहुणीने शेवटी त्यांना बाहेर नेणंच सोडलं. "तुम्ही आणि तुमची बिस्किटं घरीच बसा, आणि एकमेकांना ऐका," असं काहीतरी ती म्हणाली होती, रागात माणूस काहीही बोलतं.

घरात तर काय विचारूच नका. डब्याचं झाकण उघडं राहिलं की जणू कुणी दार सताड टाकून परगावी गेलं. "झाकण कुणी उघडं टाकलं?" हे त्या घरातलं सकाळचं पहिलं वाक्य. मेहुणी मुकाट्याने झाकण लावायची. साडूभाऊंचे वडील, त्यांना सगळं घर दादा म्हणतं, ते वर्तमानपत्र चेहऱ्यासमोर उंच धरायचे. दादांना ऐकू जरा कमी येतं, आणि तोंडात दात म्हणाल तर एक नाही. कवळी करून आणली होती, ती चावते म्हणून त्यांनी ती कपाटात ठेवून दिली… चावायचं काम तिचंच, आणि तिनेच यांना चावायचं, हे त्यांना पटलं नाही.

तर असं सगळं मजेत चाललं होतं, आणि कारखान्यात नवे साहेब आले.

नवे साहेब म्हणजे तरणेताठे, बूट असे की चालले की कुईकुई वाजायचे. साडूभाऊंनी पहिल्याच दिवशी ओळखलं, तळव्यात ओल आहे. पण बुटात आहे, आपल्याला काय. साहेबांनी सगळ्यांना एका मोठ्या खोलीत बसवलं आणि म्हणाले, "मित्रांनो, जग कुठे चाललंय आणि आपण अजून गोल बिस्कीट करतोय." म्हणजे काय, जग चौकोनी झालं की काय? आणि मग ते वाक्य आलं. "कल्पना कुठूनही येते. फक्त चार भिंतींतून येत नाही. ग्राहकाच्या घरात जा, त्याचं कपाट उघडा, त्याच्या ताटात बघा." आणि मीटिंग संपल्यावर साडूभाऊंना एकट्याला थांबवून, खांद्यावर हात ठेवून म्हणतात, "कानवाले, महिनाअखेरीपर्यंत मला एक अशी गोष्ट द्या जी आजवर कुणाला सुचली नाही. नाहीतर मला ही खोली ठेवायला कारणच उरत नाही हो. तुम्हाला आपण तक्रार विभागात घेऊ. तिथे अनुभवी माणूस हवाच आहे."

तक्रार विभाग म्हणजे काय ते सांगतो. जिन्याखाली एक टेबल, त्यावर एक फोन. पुड्यावर छापलेला नंबर तिथे वाजतो. दिवसभर लोक ओरडतात आणि वरून जिन्यावरची माणसं डोक्यावर धाड धाड पावलं टाकत जातात. साडूभाऊंनी अख्खं आयुष्य त्या ओव्हनच्या दाराला गुडघा लावून काढलेलं. त्यांना त्या खोलीशिवाय दुसरं काही येतच नाही, आणि त्यांना दुसरं काही नकोही आहे. घरी आले तेव्हा माणूस असा बसला होता, तुम्हाला सांगतो, जसं बिस्कीट चहात जरा जास्त वेळ राहिलं की बसतं.

आणि मग सुरू झाली शोधाशोध. आता कल्पना येते कुठून, सांगा ना मला.

साडूभाऊ पहिल्यांदा दुकानात गेले. मोठं दुकान, फळ्याच फळ्या. हे साबणांच्या फळीमागे उभे राहिले आणि साबणाच्या दोन वड्यांच्या फटीतून बिस्किटं घेणाऱ्या बायकांकडे टक लावून बघू लागले. ग्राहकाच्या मनात काय चाललंय ते बघायचं ना? एका बाईच्या मनात काय चाललं होतं ते तिने तिथल्या तिथे दुकानदाराला सांगितलं. दुकानदार आला. "काका, काय पाहिजे?" हे म्हणाले, "कल्पना." दुकानदार म्हणाला, "ती आमच्याकडे नसते, साबण घ्यायचा असेल तर घ्या." घरी साबण घेऊन आले.

मग दुसऱ्या कारखान्यांची बिस्किटं आणली. सगळे पुडे टेबलावर फोडले, एकेक कानाशी नेलं. कट्. कट्. सगळ्यांना सगळं आधीच सुचलेलं होतं. चॉकलेटचं झालं होतं, नारळाचं झालं होतं, मिठाचं झालं होतं, मीठ नसलेलं झालं होतं, एकाने तर मधे भोक पाडून भोकाचीही जाहिरात केली होती. वर उरलेली बिस्किटं खोलीतल्या डब्यात मावेनात म्हणून घरातला चांगला डबाच कारखान्यात नेला, तो तिकडेच राहिला.

मग आला वासवाला. हा माणूस सुटकेसमध्ये बाटल्या घेऊन फिरतो, प्रत्येक बाटलीत एक वास. कारखान्यांना वास विकतो. साडूभाऊंनी त्याला खुर्ची दिली. तो म्हणाला, "साहेब, सगळ्यांनी गोड वास संपवले. आता खरी मजा इतर वासांत आहे." आणि एकेक बाटली उघडू लागला. काकडी. भाजलेला बटाटा. नव्या चपलेचं चामडं. मी शपथेवर सांगतो, नव्या चपलेचं. त्याचं म्हणणं, माणसाला नवी चप्पल आणली की किती आनंद होतो, तो आनंद बिस्किटात का नको? साडूभाऊ इतके बुडालेले की त्यांनी एक घाणा काढला. फाटकावरच्या राखणदाराने एक बिस्कीट कुत्र्यापुढे टाकलं, कुत्र्याने वास घेतला आणि ते उचलून राखणदाराच्या दुसऱ्या चपलेशेजारी नेऊन ठेवलं. गेला तो घाणा.

मग साडूभाऊ घराकडे वळले. ग्राहकाचं घर म्हणजे शेवटी आपलंही घर आहेच की. आता घरातली माणसं काय खातात, कसं खातात, हे न्याहाळायला लागले. मेहुणी स्वयंपाकघरात उभ्या उभ्या चहात बिस्कीट बुडवत होती, तर हे दाराच्या चौकटीला टेकून तिच्याकडे असे बघताहेत, असे बघताहेत, की तिच्या हातातलं बिस्कीट चहात पडलं.

"अहो, काय हवंय तुम्हाला?"

"तू आत्ता बुडवलंस ते का बुडवलंस?"

"का म्हणजे?"

"मनात काय आलं तुझ्या, बुडवायच्या आधी?"

ती म्हणाली, "मनात आलं, जरा एकटीला चहा पिऊ द्या." ही कल्पना ग्राहकाची खरी गरज होती, पण ती पुड्यात कशी भरणार?

जेवताना हे समोरच्याच्या घासाबरोबर मान वरखाली करायचे. घरातल्या माणसांनी वेगवेगळ्या वेळी जेवायला सुरुवात केली. दादा तर यांची चाहूल लागली की तोंड हलवायचं थांबवायचे आणि घास गालात धरून वर्तमानपत्र वाचायचे. साडूभाऊ आमच्याकडे आले, गॅलरीत बसले, आणि म्हणाले, "महिना संपत आला. डोक्यात काही येत नाही. रोज सकाळी खोलीत जातो, ओव्हन लावतो, तो तापतो, मी त्याच्याकडे बघतो, तो माझ्याकडे बघतो. रिकामा ओव्हन किती वेळ तापवायचा माणसाने?" आणि माझ्या बायकोने बिस्किटं पुढे केली तर कानाशीसुद्धा नेली नाहीत. तेव्हा मला काळजी वाटली बघा.

आता पुढचं ऐका. साहेबांच्या मनात काय आलं कुणास ठाऊक, स्वतःच एका रविवारी सकाळी साडूभाऊंच्या दारात हजर. आधी निरोप नाही, फोन नाही. कुईकुई करत आत. "म्हटलं, मीही ग्राहकाच्या घरात जाऊन बघावं. तुमच्यापासूनच सुरुवात." साडूभाऊंच्या अंगावर बनियन. मेहुणीची कोण धांदल. चहा ठेवला, चांगला डबा शोधते तर डबा कुठाय? कारखान्यात. घरात एक बिस्कीट नाही. बिस्किटवाल्याच्या घरात साहेब आलेत आणि बिस्कीट नाही, यापेक्षा धरणीने पोटात घेतलेलं बरं. तिने इकडे बघितलं, तिकडे बघितलं, आणि गेली ती थेट दादांच्या खोलीत, पलंगाखाली वाकली, आणि एक पत्र्याचा डबा ओढून काढला.

हा डबा साडूभाऊंनी जन्मात पाहिला नव्हता. तो फक्त दोघांना ठाऊक. दादांना, आणि त्यांना गुपचूप बिस्किटं आणून देणाऱ्या त्यांच्या सुनेला.

बशी आली. साहेबांनी एक बिस्कीट उचललं. साडूभाऊ कान टवकारून बसलेले, सवयच ती. साहेबांनी चावलं, आणि… काही नाही. आवाज नाही. ना कट्, ना कर्र, ना साधं खुट्ट. साडूभाऊंचा चेहरा पांढरा पडला, त्या टेबलासारखा. त्यांना कळलं, हे सादळलेलं आहे. थोडंथोडकं नव्हे, आरपार सादळलेलं आहे. माझ्या घरात, माझ्या साहेबाच्या तोंडात, महिनाअखेरीला, सादळलेलं बिस्कीट. त्यांनी बायकोकडे बघितलं, बायकोने कोपऱ्यात बसलेल्या दादांकडे बघितलं, दादांनी वर्तमानपत्र वर केलं.

साहेब चावत होते. मग थांबले. मग दुसरं उचललं. तेही आवाज न करता गेलं. मग तिसरं.

"कानवाले," साहेब म्हणाले, "हे काय आहे?"

साडूभाऊंनी तोंड उघडलं. आता सांगा, काय बोलणार? खरं सांगितलं तर खोली गेली. खोटं सांगायची जीभ नाही. ते नुसतेच म्हणाले, "ते… घरातलं आहे."

"कुरकुरीत नाहीये," साहेब म्हणाले. "मऊ आहे. पण पाव नाही, केक नाही. बिस्कीटच आहे, पण… दमलेलं. हे असं बिस्कीट बाजारात कुणाकडेच नाही. तुम्ही हे घरी करून बघताय आणि मला एका शब्दाने सांगत नाही? किती दिवस चाललंय हे?"

साडूभाऊ बनियन सावरू लागले. आणि वर्तमानपत्रामागून दादा म्हणाले, "बरीच वर्षं चाललंय."

झालं. साहेब उठले, साडूभाऊंचा हात हातात घेऊन इतका हलवला की बनियनची एक बाजू खांद्यावरून उतरली. "बघा, म्हटलं नव्हतं, कल्पना कुठूनही येते." आणि उरलेली बिस्किटं रुमालात बांधून कुईकुई करत निघून गेले.

दादा तेवढ्यात आपल्या खोलीत सटकले. साडूभाऊ दादांच्या खोलीत गेले आणि पलंगावर त्यांच्या शेजारी बसले. मेहुणी दाराआड उभी होती, तिच्याकडूनच हे सगळं आमच्या घरी आलं. साडूभाऊंनी डब्याकडे बोट दाखवलं. "हे काय दादा?"

दादा म्हणाले, "झाकण तिरकं ठेवायचं. पूर्ण उघडं नाही. डबा न्हाणीघराच्या भिंतीला लावायचा, तिकडून गारवा येतो. घाई असेल तर वर पावाचा एक तुकडा."

"मी कसं केलं ते विचारत नाही. का केलं?"

"मग कसं खाऊ? तुझं बिस्कीट दगडासारखं असतं रे. चांगलं असतं, लोक नावाजतात, मीही सगळ्यांना सांगतो माझा मुलगा करतो म्हणून. पण माझ्या हिरड्यांना लागतं."

"मला सांगायचं नाही का?"

"तुला वाईट वाटलं असतं." आणि मग म्हणाले, "तू त्या झाकणासाठी इतका ओरडायचास, मला वाटलं, हा मला घराबाहेर काढेल."

बघा आता. हा माणूस सगळ्या जगाच्या दातांसाठी बिस्किटं करत होता, आणि याच्या घरात, याच्या पलीकडच्या खोलीत, याचाच बाप ती चोरून सादळवून खात होता. साडूभाऊंनी हात पुढे केला. डबा उचलला, आतलं एक बिस्कीट घेतलं, कानाशी नेलं… आणि तसंच खाली आणून खाल्लं. मेहुणी सांगते, चव कळली की नाही देव जाणे, पण बराच वेळ चावत होते. न चावता जाणारं बिस्कीट हो ते.

मग पुढे कारखान्यात जो काय गोंधळ झाला, तो विचारूच नका. भट्टीवाल्याला सांगितलं की मऊ बिस्कीट करायचंय, तर त्याने कमरेवर हात ठेवून साडूभाऊंना खालून वर न्याहाळलं. "म्हणजे जन्मभर तुम्ही आमचं रक्त आटवलंत ओल नको म्हणून, आणि आता म्हणता ओल आणा? डोक्यावर पडलात का कानवाले?" आणि ते सोपं नाही हो. घरी सादळलेलं बिस्कीट आज मऊ, उद्या वातड, परवा त्याला बुरशी. दुकानात महिनोन्‌महिने मऊ राहायचं आणि खराब व्हायचं नाही, म्हणजे माणसाने म्हातारं व्हायचं आणि आजारी पडायचं नाही, असलं काहीतरी. पहिला घाणा भट्टीतल्या सरकत्या पट्ट्यालाच चिकटला. दुसरा पुड्यात एकमेकांना चिकटून त्याची वीट झाली. साडूभाऊ पाक वाढवताहेत, भट्टीची आच उतरवताहेत, पुड्याचा कागद बदलताहेत. आणि तपासायचं कसं? कान काही कामाचा नाही, आवाजच नाही ना. मग संध्याकाळी घरी नेऊन दादांपुढे ठेवायचे आणि त्यांच्या जबड्याकडे बघत बसायचे. दादा ऐटीत. "कालचं जरा हट्टी होतं. आज बरं आहे. उद्या किंचित आणखी दमव." बापलेकांनी आयुष्यात एवढ्या गप्पा कधी मारल्या नव्हत्या. मेहुणी म्हणाली, माझ्या लग्नापासून मी या दोघांना एकत्र हसताना पहिल्यांदा पाहिलं, आणि तेही कशावर, तर सादळलेल्या बिस्किटावर.

आणि जमलं. तुम्हाला सांगतो, जमलं. मऊ, गोल, हाताने दाबलं की जरा दबतं आणि परत वर येतं. पुडा निघाला, दुकानांत गेला, फळ्यांवर चढला. दादा खिशात पुडा घालून फिरायला निघायचे आणि वाटेत भेटेल त्याला थांबवून दाखवायचे, "हे माझ्या मुलाने माझ्यासाठी काढलं." माझ्यासाठी, यावर जोर.

साडूभाऊंनी मधे साहेबांना पलंगाखालच्या डब्याचं खरं काय ते सांगून टाकलं होतं, खोटं सांगायची जीभच नाही ना. साहेबांनी पुन्हा सगळ्यांना मोठ्या खोलीत बसवलं. साडूभाऊंना पुढे बोलावलं, टाळ्या झाल्या. आणि साहेब म्हणाले, "मित्रांनो, ही कल्पना कुठून आली? ओव्हनमधून? नाही. तराजूतून? नाही. ती एका घरातून आली, एका पलंगाखालून आली. आमच्या नव्या मालाच्या खोलीने इतक्या वर्षांत जे दिलं नाही, ते एका पत्र्याच्या डब्याने दिलं. आता मला कुणी सांगा, आपल्याला त्या खोलीची गरज काय?"

साडूभाऊ टाळ्यांच्या मधे उभे. म्हणाले, "साहेब, पण बिस्कीट तर त्या खोलीत केलं."

साहेब हसले, खांद्यावर हात ठेवला, "करणं काय हो, कुठेही करता येतं. कल्पना महत्त्वाची."

म्हणजे लक्षात आलं का तुमच्या? कल्पना मिळाली नसती तर खोली बंद. कल्पना मिळाली, म्हणून खोली बंद. आता बोला. आता सांगा, कल्पना येते कुठून आणि आल्यावर बसते कुणाच्या डोक्यावर? ओव्हन भंगारवाला घेऊन गेला, त्याचं दार वाटेतच निखळलं. खोलीत आता गुबगुबीत गाद्या टाकल्यात, भिंती केशरी केल्यात, आणि दुपारी तिथे माणसं कल्पना सुचण्यासाठी लोळतात. सुचत नाहीत, पण झोप उत्तम लागते म्हणे.

आणि साडूभाऊ जिन्याखाली.

घरी ठरलं, दादांना सांगायचं नाही. मेहुणीच म्हणाली, "ते अख्ख्या गल्लीला सांगत सुटलेत. त्यांना कळलं की त्यांच्या डब्याने तुमची खोली घालवली, तर ते बिस्कीट खायचं सोडतील, आणि मग काय खातील?" तर साडूभाऊ रोज त्याच वेळी, तोच शर्ट, तोच जेवणाचा डबा घेऊन निघायचे. दादा विचारायचे, "काय नवीन शिजतंय खोलीत?" हे म्हणायचे, "चाललंय एक." आणि जिन्याखाली बसून दिवसभर ऐकायचे काय? तर, "अहो, तुमचं बिस्कीट सादळलेलं आहे." दुसरा फोन, "सादळलेलं आहे." तिसरा, "पुडा नवा, बिस्कीट सादळलेलं, लाज वाटत नाही का?" आणि ज्या माणसाने सादळलेल्या बिस्किटाशी उभा जन्म वैर धरलं, त्याने नम्रपणे म्हणायचं, "बाई, ते तसंच आहे. मऊच आहे. मुद्दाम तसं केलंय." एक बाई म्हणाली, "तुम्हाला बिस्किटातलं काही कळतं का?" साडूभाऊ म्हणाले, "नाही बाई, मी फक्त फोन घेतो."

परवा दुपारचीच गोष्ट. फोन वाजला. साडूभाऊ म्हणाले, "नमस्कार, तक्रार विभाग." पलीकडे कुणीतरी आधी घसा खाकरला. साडूभाऊंनी फोन कानाशी घट्ट धरला. बिस्कीट ओळखणारा कान, तो बापाची खाकर ओळखणार नाही?

"साहेब," दादा म्हणाले. बापाने मुलाला साहेब म्हटलं. "साहेब, एक बारीकशी तक्रार होती. म्हणजे तक्रार नाही, बिस्कीट फार सुंदर आहे. पण मी डब्यात ठेवतो, झाकण तिरकं ठेवतो, तर दोन दिवसांत कडक होतं हो. मला दात नाहीत."

साडूभाऊंनी आवाज जाड केला. "काका, हे बिस्कीट उलटं आहे. साधं बिस्कीट उघडं राहिलं की ओल धरतं. हे उघडं राहिलं की ओल सोडतं. झाकण घट्ट लावत जा."

दादांनी पुन्हा घसा खाकरला. मग, "म्हणजे शेवटी झाकण लावायचंच?"

"हो काका."

"आमचा मुलगा जन्मभर हेच ओरडत आला. त्यालाच विचारणार होतो, पण म्हटलं, एवढं माझ्यासाठी केलंन्, आता त्यातही खोड काढली तर त्याला काय वाटेल. मोठा माणूस आहे तो तुमच्याकडे. नव्या मालाच्या खोलीत असतो. ओळखत असाल."

साडूभाऊंच्या डोक्यावरून जिना चढत कुणीतरी धाड धाड गेलं. ते जाईपर्यंत थांबले. मग म्हणाले, "ऐकून आहे."

"त्याला सांगू नका हं, मी फोन केला ते."

"नाही सांगत."

"आणि एक. तुमची कधी गाठ पडली तर जेवलास का एवढं विचारा. हल्ली जेवणाचा डबा भरलेला तसाच परत आणतो. सूनबाई मला कळू देत नाही, पण मी बघतो. कामाचा ताण असेल… फार कल्पना लढवाव्या लागतात त्याला."

"विचारतो काका," साडूभाऊ म्हणाले, आणि फोन ठेवला. मग पायाशी ठेवलेला जेवणाचा डबा वर घेतला, उघडला, आणि जिन्याखाली बसून शेवटच्या घासापर्यंत जेवले. भूक नव्हती हो. पण ग्राहकाची तक्रार आली होती, निवारण करायला नको?